व्याह्यांचा हुद्दा

लेकीनं लग्न ठरवल्याचं कळवलं आणि लंडनजवळच्या स्टॅनमोरहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रिटायर्ड कन्सल्टंट अनेस्थेटिस्ट. नोकरीत असेपर्यंत तो लोकांना इंजेक्शन देऊन बेशुद्ध करायचा, हल्ली माइक हातात घेऊन करतो. त्यानं मुलाचं नाव विचारलं नाही. मुलगा स्वभावानं कसा आहे हे तर नाहीच नाही. एकच प्रश्न:

"वडील काय होते?"

कोण होते, असं नाही. काय होते.

"आर्मीत होते. युक्रेनच्या."

"हुद्दा?"

लेकीनं मला हुद्दा सांगितला होता, पण तो तोंडात बसत नव्हता. प्रापोर्शिक. मूळ उच्चारात आणखी एक 'च' कुठंतरी दडलाय, तो मला आजवर सापडलेला नाही. मी म्हणालो, "ते काहीतरी ज्युनिअर ऑफिसरसारखं असतं म्हणे."

दादानं त्यातला 'ज्युनिअर' सांडला, 'सारखं' सांडलं, 'म्हणे' तर त्याला ऐकूच आलं नाही. राहिलेला 'ऑफिसर' त्यानं जेवणाच्या टेबलावर वहिनीला दिला आणि वहिनीनं तो फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा त्याचा कर्नल झाला होता. "मुलाचे वडील युक्रेनियन आर्मीत कर्नल. व्हेरी कल्चर्ड फॅमिली." पुण्याहून आत्यानं लिहिलं, "वा! घरंदाज." खऱ्या सैन्यात कर्नल व्हायला अर्धं आयुष्य घालवावं लागतं. आमच्या घराण्यात चहा ते जेवण एवढा वेळ पुरतो.

मी काही वेगळ्या मुशीतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात मी 'असोसिएट डायरेक्टर, ट्रान्सफॉर्मेशन' आहे. गेल्या रीऑर्गनायझेशनमध्ये जे ट्रान्सफॉर्म झालं ती माझीच टीम. आज माझ्या हाताखाली कोणीही नाही. इमेलखालची सही मात्र चार ओळींची आहे, आणि ती मी अधूनमधून वाचतो.

असो. मुलगा कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर. लेक तिथंच डॉक्टर. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली. वडील एकटे युक्रेनमध्ये होते, युद्ध सुरू झाल्यावर मुलानं त्यांना इकडं आणलं. एवढी माहिती कोणाही शहाण्या माणसाला पुरली असती. पण आमच्यात एक खोड आहे. ज्याच्याबद्दल कुतूहल आहे त्याला जाऊन विचारायचं नाही. आधी इंटरनेटवर वाचून काढायचं, म्हणजे भेट झाली की त्याची माहिती त्यालाच ऐकवता येते. मी वाचायला बसलो.

प्रापोर म्हणजे निशाण. प्रापोर्शिक म्हणजे निशाणवाला. पोलंडमध्ये, कोसॅकांत, चेक आणि सर्ब लोकांत नावं वेगवेगळी, पण माणूस तोच: पलटणीचं निशाण धरून उभा राहणारा. काम मानाचं, आणि तितकंच बिनडोक. शत्रूला नेम धरायला सगळ्यात सोपा माणूस हाच, आणि याचे दोन्ही हात काठीला. म्हणून ते तरण्या, होतकरू पोरांना द्यायचे. शहाणा माणूस घेणार नाही. पुढं रशियाच्या एका झारनं सैन्याच्या पायऱ्या आखल्या आणि निशाणवाल्याला अधिकाऱ्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं. पायरी खालची, पण अधिकाऱ्यांच्या जिन्यातली. तिथवर पोचला की कोण्या सामान्याचा पोरही उमराव व्हायचा. पोलंडमध्ये तर निशाण कपाटात गेलं, मोडलं, कसर लागून संपलं, तरी मोठ्या घराण्यांत पद चालूच राहिलं, आणि नवऱ्याच्या पदावरून बायकोलाही हाक मारायची पद्धत पडली. मी हसणार होतो, पण आवरलं. आमच्या वहिनीला अजून लोक डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि तिनं आयुष्यात कोणाचा ताप मोजलेला नाही.

मग उतरण लागली. पहिल्या महायुद्धात अधिकारी पटापट मरायला लागले, तेव्हा मास्तर, कारकून, कॉलेजची पोरं गोळा केली, घाईघाईत कवायत शिकवली, प्रापोर्शिक म्हणून खांद्यावर पट्टी लावली आणि खंदकात ढकललं. ती पोरंही तशीच पटापट संपली. मागं एक म्हण उरली: कोंबडी काही पक्षी नव्हे, आणि प्रापोर्शिक काही अधिकारी नव्हे. क्रांतीनं सगळेच हुद्दे पुसून टाकले. पुष्कळ वर्षांनी सोव्हिएत सैन्यानं हेच नाव पुन्हा बाहेर काढलं, पण आता हातात निशाणाच्या जागी किल्ल्यांचा जुडगा. अधिकारी नाही, सार्जंटही नाही, दोघांच्या मधे लोंबकळणारा. कोठीचा, मेसचा, बुटांचा माणूस. आणि देशभरातल्या विनोदांचं गिऱ्हाईक. विनोदातला प्रापोर्शिक ठरलेला: ढेरी, दारू आणि चोरी.

यावर मराठी माणसानं फार हसू नये. मराठेशाहीत हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य. त्याच्या हुकमाशिवाय दरवाजा उघडत नसे. सुभेदार अख्खा सुभा सांभाळायचा. आज काय राहिलंय? आमच्या दादाला कोणीतरी सांगितलंय की आमचे मूळ पुरुष एका किल्ल्याचे हवालदार होते. हे सांगताना त्याचा आवाज खर्जात जातो. आणि हाच दादा पुण्यात सिग्नल तोडून अडकला की काच खाली करून म्हणतो, "काय हवालदार, किती द्यायचे?"

रविवारी मी आणि बायको कॉव्हेंट्रीला गेलो. ओळीतलं छोटं घर. दारात सगळ्यांचे बूट टाचा भिंतीला लावून ठेवलेले. व्याही बुटके, रुंद, गाल गुळगुळीत केलेले. इंग्रजी मोजकंच बोलायचे, बाकी मुलगा भाषांतर करायचा. चहा आला तसा मी माझा अभ्यास बाहेर काढला. निशाण, झार, जिना, उमराव, एकेक करून सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला काहीतरी विचारलं.

"विचारतात, झालं का?" मुलगा म्हणाला.

"झालं."

"म्हणतात, मी निशाण कधी हातात धरलं नाही. मी बूट सांभाळले. बूट, चादरी, बादल्या, साबण."

मग त्यांनी स्वतःच एक विनोद सांगितला. पुराचं पाणी कोठीत शिरतं. चौकशीला वरून लोक येतात. विचारतात, काय काय वाहून गेलं? प्रापोर्शिक म्हणतो, साहेब, गेल्या दहा वर्षांत जे जे हरवलं होतं, ते सगळं. सांगून झाल्यावर ते एकटेच हसले, आणि एकदम थांबले.

"आमच्या कोठीवर एक कर्नल होता," मुलाकरवी म्हणाले. "तो ट्रक विकायचा. ट्रकमधलं डिझेल आधी वेगळं काढून विकायचा. त्याच्यावर विनोद नाही. विनोद माझ्यावर."

माझी बायको सरळ विचारणारी बाई आहे. "आणि तुम्ही? काहीच नाही घेतलं?"

मुलानं घाबरत घाबरत भाषांतर केलं. व्याही जरा विचार करून म्हणाले, "साबण. आणि बायकोसाठी एक चादर. चांगली होती."

बायकोनं मान डोलावली. तिला माणूस पसंत पडला. मला मात्र पुढचं ऐकून घाम फुटला. कारण लेकीनं त्यांना आमच्या व्याहीभेटीची सगळी पद्धत समजावली होती: दोन्हीकडची माणसं नात्यानुसार समोरासमोर येतात, कोणीतरी माइकवरून ओळख करून देतं, हार, नारळ, मिठी. आणि ओळख म्हणजे नाव कमी आणि हुद्दा जास्त. हे सांगताना पोरीनं ग्रुपवरचा कर्नलही सांगून टाकला होता.

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "पगडी घालीन. नारळ घेईन. तुमचं गोड खाईन. कर्नल म्हणालात तर घरी जाईन."

"अहो, कौतुकानं म्हणतात ते," मी म्हणालो.

"माझ्यासाठी ती शिवी आहे. घर गेलं, कोठी गेली. आता तिकडं आमच्या सैन्यानं हा हुद्दासुद्धा काढून टाकलाय. जे उरलंय ते तरी नीट सांगा."

गाडीपर्यंत सोडायला आलेली लेक हळूच म्हणाली, "बाबा, ही इज नॉट बीइंग डिफिकल्ट. ते खरंच जातील. आणि त्यांनी गेले ना, तर मी पण जाणार. आय मीन इट. मोठ्या काकांना तू सांगायचं."

तिचं मराठी कर्ता-क्रियापदात अडखळतं, निश्चयात अडखळत नाही.

मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. बूटही सांगितले. पलीकडून आवाज आला तो असा जड, जणू त्यानं स्वतःलाच भूल दिली होती.

"मी लोकांना कर्नल सांगून बसलोय," दादा म्हणाला. "आता काय कोठीवाला म्हणू? पुण्याहून आत्या व्हिडिओवर बघणार आहे."

"बघू दे की."

"आणि मी वाचलंय हां त्या पोस्टबद्दल. चोर म्हणून प्रसिद्ध आहेत हे लोक."

"काल तू त्यांना घरंदाज म्हणत होतास."

"ते आत्या म्हणाली." थोडं थांबून, "बरं, ते झारचं काय म्हणालास? झारच्या काळात अधिकारीच होता ना हा?"

"होता. सगळ्यात खालचा."

"मग झारच्या काळातलं धर! खोटं कुठं होतंय? आणि उमराव पण होता म्हणतोस."

इतिहास वाचून माणूस शहाणा होतो असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आमच्या घरात इतिहास वाचला की खोटं बोलायची सोय होते.

"दादा, फक्त प्रापोर्शिक म्हणायचं. पोरीनं सांगितलंय."

"बघतो," दादा म्हणाला.

आमच्याकडं 'बघतो' म्हणजे 'नाही'. हे मला बालपणापासून ठाऊक आहे. तरी मी फोन ठेवला, आणि बायकोला म्हणालो, सांगितलंय मी त्याला. ती म्हणाली, "तो काय म्हणाला ते सांग." मी म्हणालो, बघतो म्हणाला. तिलाही अर्थ ठाऊक होता. आमच्या घरात येऊन तिला काही कमी वर्षं झालेली नाहीत.

कार्यक्रम स्टॅनमोरजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. इकडं साखरपुडा, सीमांतपूजन, व्याहीभेट हे सगळं एका दुपारी उरकावं लागतं, कारण संध्याकाळी हॉल परत द्यायचा असतो आणि केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. गुरुजी आठवडाभर एका बँकेत डेटाबेस सांभाळतात. मंत्रही ते तसेच म्हणतात, अनावश्यक भाग गाळून. व्याही वेळेआधी आले. निळा सूट, वर गुलाबी फेटा. पगडी मिळाली नव्हती. फेटा बांधताना त्यांनी मुळीच कुरकुर केली नाही, फक्त गाठ सैल आहे म्हणून दोनदा परत बांधून घेतली.

दादानं माइक घेतला. आधी स्वतःची ओळख: मुलीचे मोठे काका, कन्सल्टंट अनेस्थेटिस्ट, अमुक हॉस्पिटल ट्रस्टला इतकी वर्षं सेवा, तमुक मंडळाचे माजी अध्यक्ष. एवढ्यात समोसे गार झाले. मग मुलीचे मामा, "कंपनी डायरेक्टर". मामाच्या कंपनीत एक व्हॅन आणि एक मामा आहे. मग मी. "मुलीचे वडील, डायरेक्टर!" असोसिएट कुठं गेला कोण जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. दुरुस्त केलं का? नाही. टाळ्या वाजत असताना कोण दुरुस्त करतो?

"आणि त्यांच्या समोर, मुलाचे वडील, युक्रेनियन आर्मीतून रिटायर झालेले, कर्नल..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. व्याह्यांचं इंग्रजी मोजकं, पण 'कर्नल' त्या मोजक्यात होता. व्याह्यांनी हातातला हार खुर्चीवर ठेवला. फेकला नाही, नीट दुमडून ठेवला. फेटा काढायला हात वर नेला, गाठ पक्की होती, म्हणून तसाच राहू दिला. आणि दाराकडं चालू लागले. मागं मुलगा. त्याच्या मागं आमची लेक, पैठणीचा घोळ दोन्ही हातांनी उचलून, आईकडं एकदाही न बघता.

दादा माइकवर म्हणाला, "वॉशरूम उजवीकडं आहे."

"दादा, माइक दे."

"थांब, मी सांभाळतो."

"दे इकडं."

दादाच्या हातातून माइक मागायचा असतो हे आमच्या घराण्यात कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळं तो कसा द्यायचा हे त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं साठीच्या उंबरठ्यावरचे बाप्ये शाळेच्या हॉलमध्ये एका माइकची ओढाताण करत होतो आणि पुण्याची आत्या ते व्हिडिओवर बघत होती. बायकोनं जाऊन स्पीकरचा प्लग काढला. हॉल गप्प झाला. आता ओरडण्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून मी ओरडलो:

"प्रापोर्शिक!"

व्याही दारात थांबले. वळले नाहीत.

"कर्नल नव्हेत," मी मराठीत ओरडलो, मग इंग्रजीत ओरडलो. "हे प्रापोर्शिक होते. कोठी सांभाळायचे."

"निशाणदार म्हण, निशाणदार," दादा शेजारून कुजबुजला. "मानाचं वाटतं."

"निशाण नाही. बूट! बूट, चादरी, बादल्या, साबण!"

लोक माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "दुकान होतं का हो त्यांचं?" माझ्या हुद्द्यासाठी आत्ताच टाळ्या वाजवलेले हात आता मांडीवर गप्प होते. कर्नलसाठी सगळे उभे राहायला तयार होते. बादल्यांसाठी कोणी खुर्चीत सावरूनही बसलं नाही. माझा आवाज चिरकला होता आणि कपाळावरचं कुंकू नाकावर उतरलं होतं.

दारातून व्याही इंग्रजीत म्हणाले, "अँड ट्राउझर्स."

"आणि पँटी!" मी ओरडलो.

तेव्हा ते वळले. सावकाश चालत परत आले. खुर्चीवरचा हार उचलून, एक फूल मुडपलं होतं ते सरळ करून, माझ्यासमोर उभे राहिले. दादा माइकला फुंकर मारून बघत होता, तो अजून बंदच होता.

"यू. डायरेक्टर?" व्याह्यांनी मला विचारलं.

"असोसिएट," मी म्हणालो.

"हाऊ मेनी सोल्जर्स?"

"नन."

त्यांनी थोडा विचार केला आणि मुलाला त्यांच्या भाषेत काही म्हणाले. मुलगा लाल झाला. "नको," म्हणाला. लेकीनं त्याला कोपर मारलं. मग त्यानं सांगितलं: "म्हणतात, मग आधी हार तुम्ही घाला."

तशी पद्धत आमच्यातही आहेच, मुलीकडचा आधी वाकतो. पण हे मला कोणी इतकं स्वच्छ समजावून सांगितलं नव्हतं. लेकीच्या पैठणीच्या निऱ्या पार सुटल्या होत्या. ती आईजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पिन आहे का? सगळा सुटला." बायकोनं तोंडात पिन धरून निऱ्या घालायला सुरुवात केली. गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं, दारातल्या केअरटेकरकडं बघितलं, आणि कुठलासा श्लोक मधूनच उचलला.

मी हार घातला. त्यांनी मला घातला. मग नारळ. गुरुजींनी दिलेला नारळ व्याह्यांनी कानाशी धरून दोनदा हलवला, आत पाणी आहे याची खात्री करून घेतली, आणि मगच माझ्या हातात दिला.